लॉन्सच्या नावातला जी

आमच्या घरात इंग्रजीचं काम निघालं की ते माझ्याकडं येतं. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं, तणनाशकाचं प्रमाण बघायचं, बँकेचा मेसेज खरा का खोटा ते सांगायचं. शाळा तर माझी सातवीतच सुटली. पुढचं इंग्रजी मी माझ्या मुलाच्या, सत्यमच्या पुस्तकांतून उचललं. तो अभ्यासाला कंटाळायचा आणि मी शेजारी शेंगा फोडत बसून त्याचा अभ्यास करायचे. आता तो पुण्यात नोकरीला आहे. जाताना त्यानं माझ्या मोबाइलवर एक खेळ टाकून दिला. गोलात काही इंग्रजी अक्षरं येतात, बोट फिरवून त्यांचे शब्द जुळवायचे. डाळ शिजेपर्यंत एक डाव, दूध तापेपर्यंत एक डाव. कधी डाव संपतो, कधी दूध उतू जातं.

त्यामुळं लॉन्सचं नाव शोधायचं काम माझ्याकडं आलं, यात नवल नव्हतं.

लॉन्स म्हणजे लग्नाची जागा. नांदूरघाटातून केजकडं निघालं की डाव्या हाताला आमचं सडकेकडचं रान आहे. त्यात थोरल्या दिरांनी, म्हणजे परमेश्वर आबांनी, स्टेज बांधलं, कमान उभी केली आणि हिरवं गवत गुंडाळ्या करून विकत आणून अंथरलं. जन्मभर खुरप्यानं गवत काढणाऱ्या घरात गवत विकत आलं, तेव्हा आमच्या सासूबाई चंद्रभागाबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला जनावर तरी तोंड लावंल का?"

रान तिघा भावांचं, सामाईक. परमेश्वर आबा थोरले. मधले बजरंग, म्हणजे आमचे मालक. बोलताना मी नाव घेत नाही, लिहिताना चालतं. आणि धाकटे गहिनीनाथ. गहिनीनाथ भाऊजी गेल्या सालाच्या आदल्या साली काविळीनं गेले. त्यांची बायको वर्षाराणी आणि नववीतली मुलगी संस्कृती आमच्यातच असतात.

आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर पी, बी, जी अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. सासरे होते तेव्हापासूनची रीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगानं, पाण्याच्या टाकीवर रंगानं, भांड्यांवर कोरून. वस्तू घरात आली की आधी अक्षरं, मग हळदीकुंकू. ज्याचं अक्षर, त्याचा वाटा. सासूबाईंना वाचता येत नाही, पण ही तीन अक्षरं त्या बोटानं ओळखतात. एक पोट असलेला तो परमेश्वर, दोन पोटं असलेला तो बजरंग आणि कुशीवर अंग मुडपून झोपलेला तो गहिनीनाथ.

फाल्गुनात लॉन्सच्या स्वयंपाकघरासाठी मोठाली पातेली आली. मी काठ पाहिला. पी आणि बी. पुढं नुसतं चकचकीत स्टील.

मला वाटलं, कोरणारा विसरला असेल. माणूस चुकतं. पण त्याच दिवशी दुपारच्या चहाला आबांनी मला बोलावलं आणि कामाचं सांगितलं. कमानीवर लाइटची अक्षरं बसवायचीत, नाव इंग्रजी पाहिजे, एका शब्दाचं, भारदस्त, आणि त्यात घरातली अक्षरं यायला पाहिजेत. गुरुवारी बोर्डवाला मापं घ्यायला येणार. पाडव्याला उद्घाटन.

"कोणती अक्षरं?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं लगेच वाटलं.

"पी आन बी," आबा म्हणाले. बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "गहिनीनाथचं मनात न्हाई असं न्हाई. पण मंगल जागा हाय. नवरा-नवरी ज्या कमानीखालून येणार, तिथं गेलेल्या माणसाचं अक्षर बरं दिसत न्हाई. लोक नावं ठेवत्यात."

आत वर्षाराणी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. तव्यावरची करपली, तो वास बाहेर ओसरीपर्यंत आला.

वर्षाराणी बोलघेवडी नाही. तिनं दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना विषय काढला, तोही दोरीकडं बघत. आधी पातेली झाली, आता कमान, म्हणाली. उद्या रानाचं कागदावर आलं की तेव्हाही सगळ्यांना हेच बरोबर वाटेल. भांडायची तिची ताकद नाही आणि इच्छाही नाही. अंबाजोगाईला तिच्या भावाची वरची खोली रिकामी आहे.

"गुरुवारी नाव ठरू द्या, ताई," ती म्हणाली. "जी नसला तर सोमवारी मी संस्कृतीचा शाळेतून दाखला काढते."

एवढं बोलून तिनं लुगड्याचा पिळा माझ्या हातात दिला, दुसरं टोक धरायला. आम्ही दोघींनी ते झटकलं.

दाखला म्हणजे गेलीच. दाखला निघालेलं पोर परत त्या शाळेत येत नाही आणि गेलेली जाऊ परत त्या चुलीपाशी येत नाही. वर्षाराणी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं वरण येत नव्हतं, मी शिकवलं. मला तिच्या माहेरचं घाट्याचं वरण येत नव्हतं, ते तिनं शिकवलं. भाऊजी गेल्यावर ती कित्येक महिने माझ्या शेजारी झोपायची. झोपेत माझा पदर धरून ठेवायची आणि सकाळी मी तो हळूच सोडवून उठायचे. अशा बाईला मी अंबाजोगाईच्या जीपमध्ये बसवून हात हलवायचा होता का?

म्हणून मी ठरवलं की तिन्ही अक्षरं असलेला असा शब्द काढायचा, की आबांना तो टाकवणारच नाही. नाव आवडलं की जी आपोआप कमानीवर जाईल. भांडण नाही, वाद नाही. फार हुशारीचा बेत वाटला मला.

संस्कृतीला खरं कारण सांगितलं नाही, खेळ आहे म्हणाले. ती मला मोठी आई म्हणते. आम्ही दोघी गव्हाचं निवडण घेऊन बसलो आणि शब्द शोधायला लागलो. पी, बी आणि जी एकत्र असलेला शब्द. ऐकायला सोपं आहे. इंग्रजीत ही तीन अक्षरं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. पी आणि बी सापडतात, पी आणि जी सापडतात, तिघांना एका घरात बसवायला गेलं की एक जण बाहेर.

संस्कृतीला पहिला सापडला तो प्लंबिंग. दुसरा पब्लिशिंग. मग तिला शाळेतला बायोग्राफी आठवला. मी मनात प्रत्येकाला लॉन्स लावून पाहत होते. प्लंबिंग लॉन्स. लग्नाला या, नळ दुरुस्त करून जा. बायोग्राफी लॉन्स म्हणजे तर थेट श्रद्धांजलीच. संस्कृती हसत होती. मीही हसले, पण गव्हातला खडा कुठला आणि दाणा कुठला हे मला दिसत नव्हतं.

मग ती म्हणाली, "मोठी आई, सुपर्ब."

पी होता. बी होता. जी नव्हता. नाव भारदस्त होतं, लॉन्सला शोभणारं होतं. हा शब्द आबांच्या कानावर गेला तर माझं कामच संपलं.

"यात जी कुठाय?" मी तिला म्हणाले. "बाद."

दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. झाकणावरची अक्षरं, बियाण्याच्या पिशवीवरची, साबणाच्या वेष्टणावरची, जिथं नजर जाईल तिथं मी ती तिघं शोधत होते. शेवटी सत्यमला फोन केला. तो म्हणाला, डोकं कशाला खातेस, अशा वेबसाइट असतात, अक्षरं टाकली की ती असलेले सगळे शब्द खाली येतात. त्यानं लिंक पाठवली. मी अक्षरं टाकली. शब्दांची ही लांब माळ आली आणि त्यात एक शब्द असा दिसला की मला हायसं वाटलं. बॅगपायपर. शब्दकोशात पाहिलं तर पिशवीसारखं वाद्य फुंकणारा माणूस. लग्न म्हणजे बँड आलाच. तिन्ही अक्षरं आणि वर वाजंत्री.

सत्यमला परत फोन लावला. तो इतका वेळ हसला की मला वाटलं फोन बिघडला. मग त्यानं सांगितलं, आई, ते दारूच्या बाटलीवरचं नाव आहे, गावात कुणालाही विचार.

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

त्या फोनचं आणखी एक झालं. सत्यमला वाटलं, काकांचं काम अडलंय. त्यानं मदत म्हणून आबांनाही तीच लिंक पाठवून दिली. मुलं मोठी झाली की अशी न मागता मदत करतात. बुधवारी दुपारी आबा ओसरीवर चष्मा लावून मोबाइलवर बोट फिरवत बसलेले दिसले, तेव्हा मला कळून चुकलं. त्यांनी दोनच अक्षरं टाकली असणार.

आमच्या मालकांना मी बेताचं काही सांगितलं नव्हतं. बजरंग म्हणजे सरळ माणूस. ट्रॅक्टर, रान, जनावरं आणि आबा म्हणतील ते. भाऊजींच्या अक्षराचं मी एकदा चाचपून पाहिलं, तर म्हणाले, आबांनी इचार केला आसंल. पण ते पातेली पाहायला म्हणून गेले होते आणि काठावर अंगठा घासत कितीतरी वेळ उभे होते, हे मी पाहिलं होतं. माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या अंगठ्यावरून ठरवायचं की बोलण्यावरून, मला समजेना.

बुधवारी तिन्हीसांजेला दिवा लावत होते. ओसरीवर आबा सोसायटीच्या निवडणुकीचं फोनवर बोलत होते. "हा माझ्या प्रेस्टिजचा सवाल हाय," म्हणत होते. हे ते प्रत्येक निवडणुकीला म्हणतात. ग्रामपंचायतीला म्हणाले होते, लेकीच्या लग्नात म्हणाले होते, म्हशीच्या सौद्यात पण म्हणाले होते. त्यांच्या तोंडात बसलेला हा एकच इंग्रजी शब्द.

मी काडी विझवली आणि मनातल्या मनात अक्षरं मोजली. पी आहे. जी आहे.

बी नाही.

म्हणजे आमचा. सत्यमचा आणि माझा. ज्याचं अक्षर त्याचा वाटा, या रीतीनं आमचाच वाटा मी माझ्या तोंडानं सोडायला निघाले होते. हातातली समई तिरकी झाली आणि तेल पायावर सांडलं. मी हे नाव पुढं केलं आणि आबा नुसते "बरं" म्हणाले तर? बी गेला म्हणजे पातेल्यावरूनही जाईल, टाकीवरूनही जाईल. आमचे मालक तोंडातून ब्र काढणार नाहीत. उद्या सत्यम विचारेल, आई, आपलं रान कुठं गेलं, तेव्हा मी त्याला काय सांगू? शब्द छान सुचला होता म्हणून?

आणि नाही पुढं केलं तर सोमवारी दाखला.

गुरुवारी बोर्डवाला केजहून आला. फीत घेऊन कमानीवर चढला, उतरला, सावलीत खुर्ची टाकून बसला. आबांचे सोसायटीतले दोस्त विजयसिंहही चहाला आले होते. मालक ट्रॅक्टर लावून येऊन उभे राहिले. सासूबाई त्या विकतच्या गवताच्या कडेला, खाली मातीवर बसल्या होत्या. गवतावर बसायला त्या तयार नव्हत्या. वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन आली आणि परत न जाता खांबाला टेकली.

आबांनी मोबाइल काढला. पुतण्यानं पाठवलंय म्हणून कौतुकानं नाव वाचलं. सुपर्ब.

विजयसिंहांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "सुपर म्हणता म्हणता ठसका लागल्यावानी वाटतंय," ते म्हणाले. बोर्डवाला हसला. आबा हसले नाहीत, पण मोबाइल खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं. "तुजं काय? चार दिस झालं तुला सांगून."

मी पदर सावरला.

"प्रेस्टिज," मी म्हणाले.

आबांच्या तोंडावर जे पसरलं ते मी त्यांच्या लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. प्रेस्टिज लॉन्स. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, एकदा कमानीकडं बघत. विजयसिंह म्हणाले, हे म्हणजे तुमचंच नाव झालं. बोर्डवाल्यानं लगेच कागदावर लिहिलं आणि एकेक अक्षराचं माप धरायला लागला. आबा खुर्चीतून वाकून बघत होते. अक्षरं मोजता मोजता त्यांचं बोट थांबलं.

"ह्यात बजरंगचा बी कुठाय?"

"नाही," मी म्हणाले. "बसत नाही."

"जी कावून हाय मग?"

"शब्दातच आहे. काढला तर शब्द राहत नाही."

मालक माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

"एक विचारू का आबा?" मी म्हणाले. "कमानीवर बी नसला तर ह्यांचा वाटा जातो का?"

विजयसिंहांनी मान वळवून आबांकडं पाहिलं. बोर्डवाल्यानंही पाहिलं. गावात कुठलं बोलणं कुणाच्या तोंडून कुठं पोचतं हे आबांइतकं कुणाला ठाऊक नाही.

"खुळी का काय तू," आबा म्हणाले. "अक्षरानं कुटं वाटा जातोय व्हय? घर एक हाय आपलं."

"तेवढं जरा मोठ्यानं म्हणा. आत्याबाईंना ऐकू आलं नाही."

सासूबाईंना सगळं ऐकू येतं, शेजारच्या रानातलंही. पण त्यांनी कानाला हात लावला. का लावला, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

आबांनी आधी सासूबाईंकडं पाहिलं, मग खांबाकडं. खांबाशी वर्षाराणी होती. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हा प्रश्न बीचा नव्हता. त्यांच्या मानेवरची शीर उठली. मी मनात म्हणाले, संपलं. आता ते सुपर्ब म्हणणार आणि माझं तोंड या घरात कायमचं बंद होणार.

"आक्षर नसलं म्हणून कुणाचा वाटा जात न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि प्रत्येक शब्द वेगळा. मग आवाज खाली आला. "पण बजरंग जित्ता हाय आन त्याचं न्हाई, आन गेलेल्याचं हाय. मंगल कामाला हे बरं का? तूच सांग बजरंग."

मी डोळे मिटले. आमचे मालक आबांच्या प्रश्नाला एकच उत्तर देतात. तुमी म्हणाल तसं.

"ऱ्हाऊ द्या की, आबा," ते म्हणाले. "मी हाय की हितं रोज. खुर्च्या मांडाया, गाड्या लावाया. माजं अक्षर कशाला पायजे? गहिनीनाथचं तेवढंच ऱ्हाईल."

ते इतकं बोलले आणि लाजून ट्रॅक्टरकडं निघून गेले. बोनेट उघडून आत बघत बसले. बिघाड काही नव्हता.

आबा उठले. लांब, स्टेजच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. वेळ जाईना. बोर्डवाल्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. वर्षाराणीनं गार झालेले कप गोळा केले. सासूबाईंनी विकतच्या गवताची एक काडी उपटून पाहिली. ती उपटली जाईना, तेव्हा सोडून दिली.

परत आले तेव्हा आबांचे डोळे लाल होते. धूळ होती, असं ते म्हणाले. बोर्डवाल्याला विचारलं, अक्षर केवढं येईल? त्यानं हात पसरून दाखवलं.

"लाव," आबा म्हणाले. माझ्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही, पुढचे कितीतरी दिवस.

जेवताना मालक म्हणाले, "मला आदी सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी भाकरी मोडली, विचार केला. "आबास्नी इचारलं आसतं," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

वर्षाराणीनं त्या दिवशी घाट्याचं वरण केलं आणि सगळ्यांत आधी आबांना वाढलं.

मला मात्र सोमवारपर्यंत चैन नव्हती. कागदावरचं नाव आहे, बदलायला काय लागतं? शनिवारी आबा जीपमध्ये ती नवी पातेली घालून कुठंतरी घेऊन गेले आणि माझा जीव पुन्हा वरखाली झाला. तिन्हीसांजेला आले, पातेली अंगणात उतरवली आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले. सासूबाईंनी एक पातेलं जवळ ओढलं. काठावरून बोट फिरवत नेलं. एक पोट, दोन पोटं. पुढं बोट थांबलं. जागा कमी होती, म्हणून कोरणाऱ्यानं तिसरं अक्षर बारीक काढलं होतं, जरा तिरकं, दाटीत अंग चोरून झोपल्यासारखं.

सोमवारी सकाळी संस्कृती दप्तर घेऊन निघाली. दारातून मागं वळून म्हणाली, "मोठी आई, आज अक्षरं कोणती?"

मी तिच्या आईकडं पाहिलं. वर्षाराणी नव्या पातेल्याला राख लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी शाळेत जा. आल्यावर बघू."